आक्का, ताल फुटली नव्हती

आक्का, तुम्ही गेल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही. सकाळी चहा ठेवते आणि तो उकळायच्या आत मी तालीवर असते. दुपारी अंगणवाडीतून येते, पिशवी खुंटीला लावते आणि पुन्हा तालीवर. आमचे हे म्हणतात, "तितं काय ठेवलंय आक्कांनी?" या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, सांडव्याचे दगड आले की वळते, परत चालायला लागते. तुम्ही असता तर ओरडला असता, "बैस की जरा, काय भिंगरी लागल्यागत फिरतीस!" ओरडायला कुणी नाही म्हणूनच बहुतेक माझं बसणं होत नाही.

दहाव्याला जमलेल्या बायकांचं तुमच्याबद्दल सगळं सांगून झालं. किती कष्ट केले, किती शेरडं पाळली, कुणाकुणाची बाळंतपणं काढली. ते मी इथं लिहिणार नाही. मला दुसरं बोलायचं आहे. तीन वर्षं मी ते बोलायचं टाळलं, आणि मला आता वाटतं, तुम्हीही ऐकायचं टाळलं.

तेराव्याच्या आधी तुमची सून विचारत होती, "काकू, ताल म्हणजे बांधच की?" मी म्हटलं, बांध दोघांच्या रानाच्या मधे असतो, ताल पाण्याच्या आडवी असते. माळावरून पळत येणारं पाणी आणि त्याच्याबरोबर पळून जाणारी माती थोपवायला घातलेली छातीएवढी मातीची रांग. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर बायाबापड्यांनी पाट्या वाहून घातलेली. तुझ्या सासूनंसुद्धा. तिनं मान हलवली आणि मोबाईल बघायला लागली. तिची काही चूक नाही. मीसुद्धा लग्न होऊन आले तेव्हा त्या तालीकडे असंच बघितलं होतं. एक मोठा, वाकडा, बोरी-बाभळींनी भरलेला अडथळा.

त्या कामाचं आता शिवारात राहिलंय तरी काय? गावाकडं जाताना एका डाळिंबाच्या बागेत नुसता दगडी सांडवा उभा आहे. तालीत जास्त झालेलं पाणी सोडायची ती वाट. दोन्ही अंगांची ताल सपाट झाली, वाट तेवढी राहिली, आणि तिच्यातून जायला पाणी कधी येत नाही. फवारणीला आलेल्या बायका त्या दगडांवर बसून भाकरी खातात. ओढ्याच्या अलीकडे एक उंचवटा आहे, तीस-चाळीस पावलांचा, तो पण ताल होता. बाकीच्या गेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड अशी एकच होती. आपली. तुमच्या आणि माझ्या, दोन्ही रानांतून तिरकी गेलेली.

त्या तिरकेपणावरूनच आपलं, जावाजावांचं, वाजलं. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा दोरी धरून सरळ झाली, पण ताल काही वाटणीला विचारून घातलेली नव्हती. माझं रान तिनं असं कापलं होतं की तिच्या वर एक मोठा तुकडा आणि खाली एक तिकोनी तुकडा. त्या तिकोनाच्या खाली तुमचं बरंचसं रान. मला डाळिंब लावायचं होतं. शेजारच्या वस्तीवर लोकांच्या बागा उभ्या राहत होत्या आणि मी त्या तिकोनात मटकी पेरत होते.

तुम्ही ओसरीवर तूर पाखडत होता. मी समोर बसून म्हटलं, "आक्का, ती ताल काढूया. दोघींची रानं सरळ होतील. वळी नीट बसतील, पाइपा नीट बसतील."

"न्हाय काढायची."

"का पण?"

"पाणी थांबतंय तितं."

"कुटलं पाणी? पाऊस कुटं पडतोय आता? अन् ठिबक हाय की."

"पडंल तवा?"

मग मी ते बोलले. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. या घरात पाऊल टाकल्यापासून मी बहात्तर ऐकत आले होते. ताटात भाकरीचा तुकडा राहिला की बहात्तर, घागरीतलं पाणी सांडलं की बहात्तर. मी म्हटलं, "तुमी दुष्काळ बघितला अन् आमी न्हाय बघितला, म्हणून आमी जलमभर वाकड्या रानातच ऱ्हायचं का?"

तुमच्या हातातलं सूप थांबलं. तुम्ही ते खाली ठेवलं, उठलात आणि शेरडांकडे गेलात. तूर तशीच पडून राहिली. संध्याकाळी मीच ती पाखडून तुमच्या दारात ठेवली. आपलं भांडण असंच असायचं, आक्का. तुम्ही निघून जायचा आणि मी राहिलेलं काम उरकायची. त्यातून कोण जिंकलं ते कधीच कळायचं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुमचा दत्ता तुम्हाला सोलापूरला घेऊन गेला, डोळ्याच्या ऑपरेशनला. पंधरा दिवस तुम्ही त्याच्याकडे राहणार होता. त्याच पंधरा दिवसांत मी मशीन बोलावलं. कलमांचे खड्डे काढायला बोलावलं होतं, हे खरं आहे. पण तुम्ही नसताना बोलावलं, हेही खरं आहे. वरच्या तुकड्यातले खड्डे झाल्यावर मी चालकाला म्हटलं, "भाऊ, हे बी काढता का तेवढं?"

त्यानं तालीकडे बघितलं. "कुणाची हाय?"

मी म्हटलं, "माझीच."

मशीनचं तोंड पहिल्यांदा लागलं तेव्हा माती निघेचना. वरची बाभूळ उपटून आली, पण माती दगडासारखी बसलेली होती. चालक म्हणाला, "जुनं काम दिसतंय, लई ठोकलंय." तरी त्यानं वीस-पंचवीस फुटांची खिंड पाडली. मग मशीनचा तेलाचा पाइप फुटला. चार दिवसांत येतो म्हणून तो गेला आणि परत आलाच नाही. मी रोज त्याची वाट बघत होते आणि रोज तो न आल्याचं मला बरंही वाटत होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा असू शकतात, मला सांगता येणार नाही.

तुम्ही काळा चष्मा घालून आलात. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून बजावलेलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तालीकडे गेलात. मी दारात उभी होते. येताना माझ्याजवळ थांबलात आणि म्हणालात, "डोळं चांगलं झालं म्हणायचं. लांबनंच दिसलं."

तेवढंच. त्यानंतर चार महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मला भांडण हवं होतं. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, डाळिंबाचं सांगितलं असतं, कुणाकुणाचं किती बरं झालं ते सांगितलं असतं. सगळी उत्तरं तयार होती. तुम्ही प्रश्नच विचारला नाहीत.

हस्ताचा पाऊस आला तो दुपारी. अंगणवाडीतून मी निम्म्या वाटेवर होते. वस्तीवर पोचले तोवर माळ दिसत नव्हता, नुसतं तांबूस पाणी खाली येत होतं. तालीला लागून ते दोन्हीकडून भरत गेलं आणि खिंड सापडल्यावर सगळं तिथूनच निघालं. माझी कलमं मुळासकट वाहताना मी बघितली. पण ती कलमं होती, पुन्हा आणता येतात. तुमच्या रानात फुलाला आलेली तूर होती आणि तिच्याखाली पन्नास वर्षं थांबून राहिलेली माती होती. संध्याकाळी पाणी ओसरलं तेव्हा तुमच्या रानाच्या मधोमध कमरेएवढी घळ पडली होती आणि तळाचा पांढरा मुरूम उघडा पडला होता. खिंड आता पंचवीस फुटांची राहिली नव्हती. तिच्या कडा खाऊन खाऊन पाण्यानं ती दुप्पट रुंद केली होती. मशीनच्या दाताची एकही खूण तिथं दिसत नव्हती.

चार दिवसांनी तलाठी पाहणीला आले. बरोबर गावातली पाचसहा माणसं. त्यांनी विचारलं, "ताल कशी फुटली, मावशी?"

मी तुमच्यामागे उभी होते, तोंडाला पदर लावून. तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत.

"पाण्यानं फुटली," तुम्ही म्हणालात. "लई पाणी आलं."

त्यांनी लिहून घेतलं आणि गेले. गावात तेच झालं, दत्तालाही तुम्ही फोनवर तेच सांगितलं. असं का केलंत, आक्का? तालीवर चालताना मी हेच विचारते. माझी अब्रू राखलीत? घराची राखलीत? की मला त्या उपकाराखाली ठेवायचं होतं? माझ्या मनात कधीकधी हेही येतं, आणि आलं की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाटी घेतलीत. सत्तरीला टेकलेली बाई, डोळ्याचं ऑपरेशन झालेली, गुडघे आखडलेले. घळीतली माती खोऱ्यानं ओढायची, पाटी भरायची, डोक्यावर घेऊन खिंडीत नेऊन टाकायची. आमच्या यांनी मशीन बोलावतो म्हटलं. तुम्ही त्यांना सांगितलंत, "मशीननं टाकलेली माती पोकळ बसती. थर द्यावा लागतो." पाच दिवस मी दारातून बघत राहिले. तुम्ही एकट्या त्या एवढ्या मोठ्या खिंडीत पाटी रिकामी करताना दिसायचा, आणि पाटीतली माती कुठं पडली तेसुद्धा लांबून कळायचं नाही. सहाव्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला आणि पाटी घेऊन आले. वाटलं होतं, हाकलून द्याल. तुम्ही खोरं माझ्याकडं सरकवलंत.

"वीतभर टाकायची," म्हणालात. "मग पाणी मारायचं. मग ठोकायचं. घाई करशील तर परत जाईल."

घाई हा शब्द तुम्ही कुठल्या अर्थानं वापरला ते मला कळलं, आणि मला कळलं हे तुम्हालाही कळलं. आपण दोघी धुमस उचलून ठोकायला लागलो.

त्या खिंडीच्या कडेला तालीचं पोट उघडं पडलं होतं. तुम्ही मला जवळ नेऊन दाखवलंत. तळाला दगड, वर एक काळा थर, एक तांबडा, परत काळा. नीट बघितलं तर एकेका पाटीचा ढीगसुद्धा ओळखू येत होता, ठोकून चपटा झालेला. "ही काळी ओढ्याकडची. तांबडी माळाची," तुम्ही म्हणालात. "सकाळच्याला काळी, जेवल्यावर तांबडी." मी त्यावर हात ठेवला. इतकी वर्षं मी जिला उंचवटा म्हणत होते ती अशी आतून रचलेली आहे, हे मला माहीतच नव्हतं. मशीनवाल्याला ते एका नजरेत कळलं होतं.

मग दिवाळीच्या आसपास, शेवटचे थर चालू असताना, मी म्हटलं, "आक्का, पण ही एवढी वाकडी का हो घातली? त्या सायबाला सरळ रेघ मारता येत नव्हती का?"

तुम्ही हसलात. कितीतरी महिन्यांनी. तालीला टेकून बसलात, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणालात, "सायबानं न्हाय, मी घातलीय वाकडी."

मला चेष्टाच वाटली. तुम्ही सांगत गेलात. कामावर एक तरुण साहेब यायचा, तीन पायांची दुर्बीण घेऊन. समोर कुणीतरी रंगीत आकड्यांची उंच पट्टी उभी धरायची, तो दुर्बिणीतून बघायचा, हातानं वर खाली सांगायचा, आणि सगळीकडं आकडा सारखा आला की तिथं तिथं खूण. त्या खुणा जोडत गेलं की ताल. गडीमाणसं पट्टी धरून उभी राहिली की हलायची, तंबाखू मळायची, डुलायची. साहेब वैतागला. त्यानं बायांकडं बघितलं. तुम्ही सतरा वर्षांच्या, नव्या नवऱ्या, पाटी घेऊन नुसत्या उभ्या होता. "तू ये," म्हणाला.

"अकरा दिस पाटी घेतली न्हाय बघ मी," तुम्ही म्हणालात. "हलू नगं म्हणला की मी श्वास बी धरायची. मग मला कळायलाच लागलं. चालता चालता पायाला कळायचं, हितं पाणी थांबंल, हितनं पळंल. शेवटच्या तीन खुणा तर मीच पट्टी रोवली अन् म्हणलं, बघा आता. त्यानं दुर्बिणीतनं बघितलं अन् हसला. बोटभर बी फरक न्हवता."

"मग?"

"मग काय. बाया बोलल्या. सायबाची पट्टीवाली म्हणाय लागल्या. घरात कळलं. हे म्हणालं, उद्यापास्नं पाटी घ्यायची न्हायतर कामावर जायचं न्हाय. पाटी घेतली."

तुम्ही हे अगदी सहज सांगितलंत. मग तुम्ही उठलात, मला घेऊन तालीवरून चाललात आणि त्या शेवटच्या तीन जागा दाखवल्यात. एक बोरीपाशी, एक मोठ्या दगडापाशी, एक सांडव्याच्या अलीकडे. तिथं काहीच खूण नव्हती. तुम्ही त्या जागी उभ्या राहिलात आणि नकळत दोन्ही हात छातीसमोर धरलेत, पट्टी असल्यासारखे. "ही वाकडी न्हाय गं," म्हणालात. "जमीन वाकडी हाय. ही पाण्याच्या रेघंत हाय."

फार वर्षांपूर्वी मी अंगणवाडीच्या ट्रेनिंगला सांगोल्याला जायचं म्हटलं, तेव्हा सगळं घर नाही म्हणत होतं. पोर तान्ही, घरात काम, परक्या गावात महिनाभर कशाला. तुम्ही एकट्या म्हणालात, "जाऊ द्या तिला. पोरीला मी बघते." तुमचे हे, भावजी, रागावले तरी तुम्ही मागं हटला नाहीत. माझी पहिली पगाराची नोकरी, माझी रजिस्टरं, मला लोक मॅडम म्हणतात ते, आज मी हे लिहिते आहे ते, सगळं तुमच्या त्या एका वाक्यावर उभं आहे. तेव्हा मला वाटलं होतं, जावेला माझी दया आली. त्या दिवशी तालीवर तुम्हाला पट्टी धरल्यासारखे हात करून उभं राहिलेलं बघितलं तेव्हा मला कळलं, ती दया नव्हती.

आणि तरीसुद्धा मी म्हटलं नाही. चुकलं माझं, एवढं म्हणायला काय लागतं? खिंड बुजली त्या दिवशी म्हणायचं ठरवलं होतं, तर तुम्ही घाईनं शेरडांकडं निघालात. दुसऱ्या वर्षी पाणी तालीला लागून महिनाभर थांबलं, आपण दोघी काठावर बसलो होतो, तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "आक्का, त्या वेळी..." आणि तुम्ही लगेच म्हणालात, "ते बघ, टिटवी." तिथं टिटवी नव्हती. मी बघितलं होतं. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत की मीच टिटवीचं निमित्त धरून सुटले?

तुमचे गुडघे त्या वर्षीपासून गेले ते गेलेच. शेवटी शेवटी धापही लागायची. डॉक्टर म्हणाले वय झालं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणखी काही म्हणतात का म्हणून.

आता जे झालं ते सांगते. तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी दत्ता तुमच्या ओसरीवर बसला होता. त्याची बायको, आमचे हे आणि मी. एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून त्याला थोड्याच दिवसांची सुटी मिळाली होती, सगळं उरकून जायचं होतं. तो म्हणाला, "काका, सोमवारी मशीन येतंय. ताल काढून घेतो, रान एकसारखं करतो अन् डाळिंब लावतो. तुमच्या वाटणीतली बी एकदमच काढू का?"

आक्का, मला जे हवं होतं ते त्यानं आपणहून ताटात वाढलं. यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "ती न्हाय काढायची, दत्ता. पाणी थांबतंय तितं."

माझ्या तोंडून तुमचे शब्द आले. तो हसला. "काकू, ती कच्ची हाय. आईच म्हणाली की, पाण्यानं फुटली. एकदा फुटली ती परत फुटणार. आई उगं पाट्या टाकत बसली. त्यातच तिनं गुडघं घालवलं."

तुम्ही माझ्यासाठी जे खोटं बोलला होता, ते आता तुमच्या तालीच्या मुळावर उठलं होतं. मी गप्प बसले असते तर सोमवारी मशीन येणार होतं आणि मी सुटणार होते. कायमची. सांगणारं दुसरं कोण होतं? यांना ठाऊक होतं, पण हे बोलले नसते. मी जमिनीकडं बघत होते. ओसरीवर तुम्ही सारवलेल्या बोटांच्या रेघा अजून होत्या.

"फुटली न्हाय," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"मी फोडली. तू आईला डोळ्याला घेऊन गेला होतास तवा. मशीन लावून."

हे म्हणाले, "अगं..." आणि थांबले. दत्ता माझ्याकडं बघत राहिला.

"आईला ठावं होतं?"

"व्हय."

"अन् तरी तिनं पाण्यानं म्हणून सांगितलं? अन् त्या पाट्या, दीड-दोन महिनं, त्या गुडघ्यांनी, ते तुमी फोडली म्हणून?"

"व्हय."

तो उठला. मग अगदी हळू म्हणाला, "मयताला सगळ्यात जास्ती तुमी रडला, काकू."

त्यानं चप्पल घातली. मी ओसरीवरून उतरून त्याच्यामागे गेले आणि म्हटलं, "ती ताल तुझ्या आईनं आखलीय, दत्ता. पट्टी धरून." गाडी चालू झाली होती. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. संध्याकाळी तो बायकोला घेऊन सोलापूरला गेला, आमच्या घरी चहाला न येता.

सोमवारी मी रजा टाकली आणि सकाळपासून तालीवर बसले. मशीन आलं तर काय करणार होते, मला माहीत नाही. आडवी पडले असते असं म्हणणं सोपं आहे. मशीन आलं नाही. मंगळवारीही नाही. मग वाट बघायची सवयच लागली, आणि तेव्हापासून हे चालणं वाढलं.

काल दुपारी फोन आला. मागं यंत्रमागांचा खडखडाट होता, नंतर तो लांब गेला, बहुतेक दत्ता आवाराबाहेर आला. हॅलोसुद्धा म्हटलं नाही त्यानं.

"त्या दिवशी मागनं काय म्हणाला तुमी? आईनं काय धरलं?"

मी सांगितलं. दुर्बीण, पट्टी, अकरा दिवस, शेवटच्या तीन खुणा. भावजी काय म्हणाले तेही सांगितलं, लपवलं नाही. तो मधेमधे नुसतं "हं" म्हणत होता.

"मला कवा बोलली न्हाय ती," तो म्हणाला. "मी एवढा तिचा पोरगा."

"मला बी तिनं पन्नास वर्सांनी सांगितलं, दत्ता. ती खिंड पडली नसती तर मला बी न्हाय कळलं."

हे बोलून गेल्यावर मला वाटलं, हे बोलायला नको होतं. जणू मी फोडली ते बरंच केलं असा त्याचा अर्थ होईल.

"मशीनवाल्याला येऊ नगं म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण तुमचं मी विसरणार न्हाय, काकू."

"विसरू नगंस," मी म्हटलं.

खरंच मनापासून म्हटलं, आक्का. तुम्ही मला विसरू दिलं होतंत. ते मला सोसलं नाही. निदान एकानं तरी लक्षात ठेवावं.

तो रविवारी येणार आहे. आई कुठं कुठं उभी होती ते चालत दाखवा म्हणाला. मला तीनच जागा ठाऊक आहेत, बाकीच्या तुमच्याबरोबर गेल्या. तेवढ्या दाखवेन. माझ्याशी बोलेल, न बोलेल. मागून चालेल, तेवढं पुरे.

आणि ते राहिलेलं, आक्का. त्याच्यासमोर कबूल केलं म्हणजे तुम्हाला सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. म्हणून आज अंगणवाडी सुटल्यावर कुणी नसताना तालीवर उभी राहून मोठ्यांदा म्हणाले, चुकलं माझं. तुमची दोन शेरडं बोरीखाली चरत होती. त्यांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.